पाच दिवसांच्या प्रशिक्षणावर दिव्यांग मुलांना शिकवता येतं का, की पदविका करावीच लागते?

तुम्ही लिहिलंय की गोव्यात सत्तरी तालुक्यातल्या मराठी प्राथमिक शाळेत शिकवता, वर्गात दोन दिव्यांग मुलं आहेत, पाच दिवसांचं प्रशिक्षण झालं तरी हाती काही लागलं नाही, आणि आता विशेष शिक्षणाची पदविका करावी का असा प्रश्न पडलाय. वाचून राहवलं नाही. मी पेडणे तालुक्यात तेवीस वर्षं शिकवतेय, पहिली ते चौथी एकाच खोलीत.

ते प्रशिक्षण मीही केलंय. सभागृह, पडद्यावर स्लाइड. 1995 च्या कायद्यात अपंगत्वाचे 7 प्रकार होते, 2016 च्या कायद्यात 21 झाले, ते एकविसाच्या एकवीस लिहून घेतले. पाच दिवसांत एक मूल डोळ्यांसमोर आलं नाही. येताना हातात लक्षणांची यादी दिली. शाळेत आल्यावर मी ती भरली आणि दुसरीतल्या एका मुलाच्या नावापुढे ‘बौद्धिक अक्षमता’ अशी खूण केली. हाक मारली तर बघत नाही, सांगितलेलं करत नाही, शेजारच्या मुलाचं बघून करतो, श्रुतलेखनात चुकाच चुका. सगळं यादीशी जुळत होतं.

ही 2018 च्या पावसाळ्यातली गोष्ट. मुलाची आजी विसरलेली छत्री द्यायला आली होती. मी तक्रारीच्या सुरात सांगायला लागले तर म्हणाली, “बाई, फाटल्यान उलयल्यार ताका आयकूंक येना. मुखार येवन उलय.” म्हणजे, मागून बोललं तर त्याला ऐकू येत नाही, समोर येऊन बोल. इतकं सहज, जणू मला ते ठाऊकच असणार.

त्या संध्याकाळी मी त्याची श्रुतलेखनाची वही घरी नेली. ‘भात’च्या जागी ‘पात’. ‘मामा’च्या जागी ‘बाबा’. ‘माती’च्या जागी ‘पाती’. आरशासमोर उभी राहून एकेक शब्द म्हणून पाहिला. प, ब, भ, म म्हणताना ओठ सारखेच मिटतात. पोर माझे ओठ बघून लिहीत होतं. आणि जे शब्द मी फळ्याकडे तोंड करून सांगितले होते, तिथे त्याने जागा कोरी सोडली होती. मी त्या कोऱ्या जागांवर लाल फुल्या मारल्या होत्या. त्या फुल्या मला अजून दिसतात.

बांबोळीच्या सरकारी इस्पितळात कान तपासले, दोन्ही कानांनी कमी ऐकू येत होतं. श्रवणयंत्र मिळालं. मला वाटलं, सुटलो. पंधरा दिवसांत यंत्र बंद. त्यातले बटणासारखे सेल असतात ना, त्यांच्यावर बारीक स्टिकर असतो. तो काढला की हवा आत जाते आणि सेल चालू होतो, मग वापरा न वापरा, उतरतच जातो. आईने सोय म्हणून पाकिटातल्या सहाही सेलांचे स्टिकर एकदम काढून ठेवले होते. पुढच्या वर्षी यंत्र शिटी वाजवायला लागलं, मुलं हसायची, तो ते काढून खिशात ठेवायचा. कारण काय, तर मूल वाढतं तसा कानही वाढतो, यंत्राचा कानात बसणारा साचा सैल होतो, नवा करून घ्यावा लागतो. आणि आपल्याकडच्या पावसाळी दमटपणात यंत्र रात्री सिलिका जेलच्या डबीत ठेवावं लागतं. हे सगळं मला ऑडिओलॉजिस्टने, म्हणजे श्रवणतज्ज्ञाने, दहा मिनिटांत सांगितलं. पाच दिवसांच्या स्लाइडमध्ये यातलं एक अक्षर नव्हतं.

पुढच्या बैठकीत मी म्हटलं, प्रशिक्षण आमच्या वर्गात येऊन द्या, मूल समोर असताना. त्यावर एक अधिकारी सगळ्यांसमोर म्हणाले, “अशी मुलं खास शाळेतच बरी. तुम्ही प्रशिक्षित नाही, नसत्या भानगडीत पडू नका.” तेव्हा मी गप्प बसले. आज बसणार नाही. 2016 च्या त्याच दिव्यांग हक्क कायद्याचं कलम 16 म्हणतं, भेदभाव न करता मुलाला शाळेत घ्या. कलम 17 म्हणतं, शिक्षक तयार करणं आणि नेमणं ही सरकारची आणि स्थानिक संस्थांची जबाबदारी. मग मला प्रशिक्षण मिळालं नाही, ही उणीव त्या सात वर्षांच्या पोराच्या माथी का मारायची? 2022 मध्ये केंद्र सरकारनेही अधिसूचना काढून ठरवलं, प्राथमिकला 10 दिव्यांग मुलांमागे 1 विशेष शिक्षक, वरच्या वर्गांना 15 मागे 1. हे आकडे पाठ करून ठेवा. “तुमचं काम नाही” असं कोणी म्हटलं की तोंडावर सांगा.

आता पदविकेचं. भारतीय पुनर्वास परिषदेच्या मान्यतेची, दोन वर्षांची असते, आणि ती बहुतेक एखाद्या विशिष्ट अपंगत्वापुरती. श्रवणदोषाची केलीत आणि वर्गात स्वमग्न (ऑटिझम असलेलं) मूल आलं तर पुन्हा चाचपडणं आलंच. विशेष शिक्षक म्हणून नोकरी करायची असेल तर जरूर करा, परिषदेची नोंदणी मान्यताप्राप्त अभ्यासक्रमाशिवाय होत नाही. वर्गातल्या दोन मुलांसाठी म्हणाल तर दोन वर्षं थांबू नका. मुलाच्या घरी जा. आजीला, आईला विचारा, घरी ते कसं समजून घेतं. खिडकीकडे पाठ करून उभ्या राहू नका, चेहरा काळोखात जातो आणि ओठ दिसत नाहीत.

एक मात्र सांगायला हवं. माझ्या वर्गातल्या त्या मुलाला थोडं तरी ऐकू येत होतं, म्हणून माझं निभावलं. मूल पूर्ण अंध असेल तर ब्रेल, पूर्ण बहिरं असेल तर सांकेतिक भाषा, ही शिकलेल्या माणसाचीच कामं आहेत. तिथे आपलं डोकं चालवू नका, रिसोर्स टीचरची, म्हणजे अशा मुलांसाठी शाळेत येणाऱ्या विशेष शिक्षकाची, मागणी लेखी करा आणि पोच घ्या.

तुमच्या दोघांना नेमकं काय आहे ते लिहिलं नाहीत. कळवलंत तर बसण्याची जागा, वही, फळा यांबद्दल जे माहीत आहे ते लिहीन.