दप्तर द्या, पण चेन लावून बघा

प्रश्न : आम्ही शेजारीपाजारी मिळून निर्वासित मुलांसाठी शालेय साहित्य गोळा करतोय. वापरलेली दप्तरं, अर्ध्या कोऱ्या वह्या चालतील ना? वाटपाचे फोटोही काढायचेत.

उत्तर : दप्तर जरूर द्या, पण आधी चेन दोन-चारदा उघडून-लावून बघा, खांद्याचे बंद ओढून बघा. अर्ध्या वह्या मात्र नकोत. पहिल्या पानावर दुसऱ्याचं नाव खोडलेलं असलं की मूल वर्गात वही झाकून बसतं, हे मी शिकवताना पाहिलंय. आधी तिथल्या शिक्षकांना विचारा : इयत्ता कोणत्या, एकरेघी हवी, दुरेघी की चौकटीची? पेन्सिलीसोबत शार्पनर आणि खोडरबर हवंच. लोक नेमकं तेच विसरतात.

फोटोंना माझा ठाम नकार. यातली कित्येक कुटुंबं जिवाच्या भीतीनं पळून आलेली असतात. चेहरा आणि ठिकाण उघड झालं, तर मागे राहिलेल्या नातेवाइकांनाही धोका होऊ शकतो. शिवाय हे उपकार नव्हेत. निर्वासितांना प्राथमिक शिक्षणात नागरिकांसारखीच वागणूक मिळावी, असं १९५१ च्या निर्वासितविषयक कराराचं कलम २२ सांगतं. देणगीदारांना हिशेब हवा असेल, तर बांधलेल्या गठ्ठ्यांचे फोटो पाठवा.