‘दाहक सोडा’ म्हणावे का?

प्रश्न वडोद्याच्या दांडिया बाजारातून आला आहे. साबण करणाऱ्या सखी मंडळासाठी एक भगिनी हिंदी पत्रकाचे मराठी करत आहेत. मूळ वाक्य आहे, ‘कास्टिक सोडा प्रबल क्षार है और संक्षारक है।’ त्यांनी केले, ‘कॉस्टिक सोडा हा तीव्र क्षार असून दाहक आहे.’ मंडळातल्या एकीने ‘दाहक’ म्हणजे पेट घेणारा असा अर्थ घेतला आणि डबा गॅसपासून लांब ठेवला, पण झाकण न लावता. तर शब्द चुकला का?

व्युत्पत्तीने पाहिले तर नाही. ‘दाहक’ हा दह् धातूवरून आला आणि ‘कॉस्टिक’च्या मुळाशी असलेल्या ग्रीक शब्दाचा अर्थही जाळणारा असाच आहे. पण डब्यावरच्या चिठ्ठीत व्युत्पत्ती उपयोगाची नाही, वाचणाऱ्याच्या मनात काय उमटते ते महत्त्वाचे. पेट घेणाऱ्या वस्तूसाठी आपल्याकडे ‘ज्वालाग्राही’ आणि ‘ज्वलनशील’ हे स्वच्छ शब्द आहेत. कॉस्टिक सोडा त्यांत बसत नाही. तो ३१८ अंश सेल्सिअसला वितळतो, जळत नाही. भाजते ती आपली कातडी. तिच्यातल्या चरबीचा तो साबण करतो आणि प्रथिने फोडतो. बोटांना आधी फक्त बुळबुळीत लागते, आग उशिरा होते, आणि तेवढ्या वेळात तो खोल उतरलेला असतो. डोळ्यात गेला तर दृष्टी कायमची जाऊ शकते.

झाकण उघडे ठेवणे ही खरी चूक. या पांढऱ्या पापड्या हवेतला ओलावा ओढून पाझरतात आणि कार्बन डायऑक्साइड घेऊन हळूहळू धुण्याचा सोडा बनतात. मग वजन करून घातले तरी माप चुकते. १ किलो खोबरेल तेलाचा पूर्ण साबण व्हायला साधारण १८३ ग्रॅम कॉस्टिक लागतो. थोडे तेल मोकळे राहावे म्हणून ५ टक्के कमी, म्हणजे १७४ ग्रॅम घेतात. पाझरलेला माल तेवढाच घातला तर साबण चिकट राहतो. अंदाजाने जास्त घातला तर तोच साबण हात भाजतो.

‘संक्षारक’ला ‘दाहक’ हा प्रतिशब्दही पुरा पडत नाही. मराठी पाठ्यपुस्तकांतले ‘क्षरण’ आणि हा ‘संक्षारक’ दोन्ही क्षर् धातूचे. झिजवणारा, खाऊन टाकणारा हा त्याचा भाव. तो ‘क्षारयुक्त’चा भाऊ वाटतो, पण गंधकाम्लही संक्षारकच असते. टँकरच्या पाटीवर धोकादायक मालाचा ८ हा वर्ग दिसतो तो याच गुणाचा. त्या चित्रात हातावर आणि धातूवर थेंब पडताना दाखवतात, ज्योत नसते. पाटीवरचा माल ओळखण्याचा क्रमांक (यूएन नंबर) कॉस्टिकच्या द्रावणाचा १८२४, घन कॉस्टिकचा १८२३.

सर्वांत मोठा घोटाळा मात्र ‘क्षार’चा आहे आणि तो भाषांतरात हटकून होतो. हिंदीत ‘क्षार’ म्हणजे आम्लाच्या उलट गुणाचा पदार्थ, आणि मिठाच्या वर्गाला ‘लवण’. मराठी आणि गुजराती पाठ्यपुस्तकांत मात्र ‘क्षार’ म्हणजे तो मिठाचाच वर्ग. आपण कॉस्टिकला आम्लारी म्हणतो, पाण्यात विरघळणारा असल्याने अल्क. ‘तीव्र क्षार’ वाचून कुणाला पापडखार आठवला तर दोष वाचणाऱ्याचा नाही. ‘सोडा’ शब्दाचेही तसेच: खाण्याचा, धुण्याचा आणि कॉस्टिक हे तीन वेगळे पदार्थ आहेत, म्हणून चिठ्ठीवर नुसता ‘सोडा’ कधीच लिहू नये. डबा खाण्याच्या डब्यांसारखा नसावा, आणि मुलांच्या हाती लागणार नाही असा ठेवावा.

मी चिठ्ठी अशी लिहीन: ‘कॉस्टिक सोडा. तीव्र अल्क. कातडी आणि डोळे भाजतात. पेट घेत नाही. झाकण घट्ट लावा.’ त्याखाली कृती क्रियापदांत लिहावी, विशेषणांत नको.

‘थंड पाण्यात कॉस्टिक सोडा थोडा थोडा घाला, कॉस्टिक सोड्यावर पाणी ओतू नका.’ १ लिटर पाण्यात १०० ग्रॅम विरघळला तरी तापमान सुमारे २५ अंशांनी चढते. ३०० ग्रॅमला पाणी उकळीच्या जवळ जाते, आणि पाणी वरून ओतले तर जागच्या जागी उकळून अंगावर उडते. ‘भांडे स्टीलचे किंवा जाड पॉलिथिनचे घ्या, अॅल्युमिनियमचे नको.’ इथे ज्वालाग्राही शब्द खरोखर लागतो: अॅल्युमिनियम किंवा जस्ताशी कॉस्टिकची क्रिया होऊन हायड्रोजन सुटतो आणि तो पेटतो. ‘बंद गॉगल आणि नायट्राइल रबराचे हातमोजे घाला.’

‘अंगावर पडला तर कोरड्या पापड्या आधी झटका, भिजलेले कपडे काढा, मग निदान २० मिनिटे वाहत्या पाण्याखाली धरा. डोळ्यात गेला तर पापण्या उघड्या धरून तितकाच वेळ धुवा आणि ताबडतोब दवाखाना गाठा.’ मूळ पत्रकात जखमेवर व्हिनेगर किंवा लिंबू लावा असे असेल तर ते भाषांतरातून काढाच: आम्ल आणि अल्क एकमेकांना मारतात (उदासिनीकरण) तेव्हा सुटणारी उष्णता जखमेवर आणखी पडते आणि धुण्याचा वेळ जातो. गिळला गेल्यास उलटी करवू नये. वर येताना तो अन्ननलिका दुसऱ्यांदा भाजतो.

उरले लेखन. हिंदीत ‘कास्टिक’ असले तरी मराठीत ‘कॉस्टिक’ लिहावे.