कार्डाची मुदत संपत नाही, नावं मात्र सुटतात

प्रश्न : ताई, आमचं गाव अमळनेर तालुक्यात, बोरी नदीच्या काठी. दीड एकर कोरडवाहू, बाकी वर्षभर दुसऱ्याच्या शेतात निंदणी-वेचणी. रेशनकार्ड केशरी. जीवनदायी या सरकारी उपचार योजनेचं जुनं कार्ड पेटीत आहे. दोन वर्षांपूर्वी आशाताईंनी माझं, मालकांचं आणि सासूबाईंचं आयुष्मान कार्डही काढून दिलं. गेल्या आठवड्यात पारावर एक माणूस लॅपटॉप आणि अंगठ्याचं यंत्र घेऊन बसला होता. म्हणे, ‘तुम्हनं कार्ड बंद पडी गयं’, माणशी 200 रुपये द्या, चालू करून देतो. आम्ही सहा जण, 1200 रुपये कुठून आणायचे? मुलगा-सून सुरतेला असतात, सुनेला सातवा महिना आहे. सासूबाईंना चालताना छातीत दुखतं, डॉक्टरांनी पुढच्या तपासण्या सांगितल्यात. कार्ड खरंच संपलं का?
– एक वाचक, अमळनेर तालुका

उत्तर : ताई, तुम्ही शेवटी लिहिलंय तिथून सुरुवात करते. चालताना छातीत दुखतं म्हणजे सासूबाईंना उद्याच दवाखान्यात न्यायचं. कार्डाचं काय ते नंतर. बसल्या जागी दुखायला लागलं, घाम फुटला, तर थेट 108 ला फोन करा. कार्डाची वाट बघत घरी बसवून ठेवलेली माणसं मी धुळ्यात 27 वर्षं पाहिली आहेत. सरकारी रुग्णालयात समाजसेवा विभागात माझं टेबल होतं. तातडीचा रुग्ण आधी भरती करून घेता येतो, कागद मागून देता येतात, हे त्यांना कोणी सांगितलेलंच नसायचं.

आता कार्ड. ते संपलेलं नाही. नूतनीकरणाचे पैसे कुटुंबाने भरायचे, असं या योजनेत काही नाही. खर्च सरकारच्या तिजोरीतून होतो. दर योजना-वर्षाला अख्ख्या कुटुंबासाठी 5 लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण नव्याने लागू होतं. गेल्या वर्षीचं उरलेलं पुढे जमा होत नाही, आणि एकाच्या आजारपणात सगळं खर्च झालं तर त्या वर्षी बाकीच्यांसाठी उरत नाही. एवढंच लक्षात ठेवायचं.

मग नूतनीकरण हा शब्द लोकांच्या डोक्यात इतका घट्ट का बसलाय? 2008 मध्ये केंद्राची राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजना आली. तिच्यात 30 रुपये भरून स्मार्ट कार्ड मिळायचं, पाच जणांच्या कुटुंबाला 30 हजारांपर्यंत उपचार, आणि ते कार्ड वर्षाला नवं करावं लागायचं. त्यानंतर 2 जुलै 2012 ला राज्याची जीवनदायी योजना सुरू झाली. पहिल्या आठ जिल्ह्यांत आपलं धुळे होतं. जळगाव आणि नंदुरबारला ती 2013 च्या नोव्हेंबरात आली. 2017 मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचं नाव मिळालं, 2020 पासून केंद्राची आयुष्मान भारत तिच्याबरोबर एकत्र राबवली जाऊ लागली, आणि 1 जुलै 2024 पासून पिवळं, केशरी, पांढरं असं न बघता राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना 5 लाखांचं संरक्षण लागू झालं. इतक्या वेळा नाव बदललं की ‘जुनं बंद पडलं’ हे कोणालाही पटतं. त्या पारावरच्या माणसाने नेमकं तेच हेरलं. मला याचा फार राग येतो, कारण तो ज्यांच्याकडून 200 रुपये मागतो त्यांनी ते एकेक किलो कापूस वेचून मिळवलेले असतात.

त्याच्या यंत्रावर कोणी अंगठा दिलाय का? दिला असेल तर आजच बँकेत जाऊन पासबुक भरून घ्या. आधार जोडलेल्या खात्यातून नुसत्या अंगठ्यावर पैसे निघू शकतात. काही गेलेलं दिसलं तर लगेच 1930 वर तक्रार करा.

खरी देखभाल लागते ती रेशनकार्डाला, आणि या पानावर मी हे वरचेवर लिहिणार आहे. कार्ड काढताना तुमचं कुटुंब म्हणजे रेशनकार्डाच्या बारा अंकी नंबराखाली ऑनलाइन दिसणारी नावं. घरातलं चुलीवरचं कुटुंब वेगळं असू शकतं. तुमच्या सहा जणांपैकी तिघांचीच कार्डं निघाली, तेव्हा बाकीच्या तिघांची नावं तिथे आहेत का ते रेशन दुकानात विचारा. सुनेचं नाव बहुतेक अजून माहेरच्या कार्डावर असेल. तिथल्या तहसीलमधून नाव कमी केल्याचा दाखला आणायचा, तो लग्नाचा दाखला आणि आधारसोबत अमळनेरच्या पुरवठा शाखेत द्यायचा. दुकानातल्या यंत्रावर प्रत्येकाची ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ओळख पटवणं, करून घ्यायची, तिला पैसे लागत नाहीत.

नावाचं स्पेलिंगसुद्धा बघा. आमच्याकडे एक आजी आल्या होत्या. रेशनकार्डात नावापुढे ‘बाई’ होतं, आधारवर नव्हतं. मंजुरी अडली. मुलगा तीन दिवस शपथपत्र, झेरॉक्स, शिक्के यांच्या मागे पळत होता आणि आजी ‘माले घर लई चाल’ (मला घरी घेऊन चल) म्हणत भिंतीकडे तोंड करून पडून होत्या. त्यांचं ऑपरेशन झालं, बऱ्याही झाल्या, पण ते तीन दिवस मी विसरलेले नाही. ही दुरुस्ती घरात सगळे धडधाकट असताना एका सकाळचं काम होतं.

सासूबाईंचं आधारवर वय 70 किंवा जास्त असेल तर त्यांच्यासाठी आयुष्मान वय वंदना कार्ड वेगळं निघतं. ऑक्टोबर 2024 पासून ही सोय आहे. त्यात त्यांचे 5 लाख कुटुंबाच्या रकमेपेक्षा वेगळे असतात, उत्पन्न बघत नाहीत. वय आधारवरचंच धरतात. तपासणीला नेण्याआधी 155388 वर फोन करून हृदयाच्या उपचारासाठी धुळे-जळगावात योजनेतलं कोणतं रुग्णालय आहे ते विचारा. तिथे गेल्यावर आधी आरोग्यमित्राचं, म्हणजे रुग्णालयात योजनेचं काम बघणाऱ्या माणसाचं, टेबल शोधा. नुसती बाह्यरुग्ण तपासणी योजनेत बसत नाही, पण भरती करून मंजूर झालेल्या उपचारात औषधं, तपासण्या, जेवण आणि घरी परतायचं एका वेळचं भाडंही येतं. कोणी वर पैसे मागितले तर पावती मागा आणि त्याच नंबरवर सांगा.

सुरतेचं मात्र गृहीत धरू नका. तुमचं कुटुंब केंद्राच्या लाभार्थी यादीत असेल तर कार्ड गुजरातेतही चालतं. राज्याच्या यादीतलं असेल तर महाराष्ट्राबाहेर त्याचा भरवसा धरता येत नाही. 14555 वर विचारलं की कळेल. सरकारी दवाखान्यात बाळंतपण असंही मोफत आहे. पण बाळाला काचेच्या पेटीत ठेवायची वेळ आली आणि दवाखाना खासगी असला, तर सुनेचं नाव कागदावर आहे की नाही यावर पुढचं सगळं अडतं. बाळंतपण कुठे करायचं ते यादी कळल्यावरच ठरवा.

कानबाईच्या सणाला सुरतेची पोरं गावी येतात, घरातल्या पुरुषांच्या नावाने मुठी मोजून रोटाचे गहू काढतात. तुम्ही तोवर थांबू नका. सातवा महिना लागलाय. दाखल्यासाठी सुनेच्या माहेरी आज रात्रीच फोन लावा, आणि सकाळी सासूबाईंना घेऊन निघा.