आम्ही चार मित्र दारू पिऊन गेम खेळायचं चॅनेल काढतोय, असले व्हिडिओ लोक नक्की कशासाठी बघतात? सुरू करावं का?

तुम्ही लिहिलंय की तुम्ही चौघं कॉलेजपासूनचे मित्र, वय २२-२३, पुण्यात एकाच फ्लॅटवर राहता, शनिवारी बसलात की गेम लावता आणि एवढं हसता की एकजण म्हणाला हे रेकॉर्ड करून टाकूया. आणि मग तुम्हालाच शंका आली की दुसऱ्यांच्या दारूत लोकांना काय इंटरेस्ट. मी उत्तर देतोय कारण २०२० पासून जवळजवळ दोन वर्षं आम्ही हेच केलंय, आम्हीपण चौघंच, दोघं पुण्यात, एक नाशिकला, एक डब्लिनला, आणि एडिटिंग सगळं माझ्याकडे होतं, त्यामुळे आमचा प्रत्येक तास मी नंतर शुद्धीत बसून दोनदोनदा ऐकलाय.

सुरू करा. पण दारूच्या जोरावर चॅनेल चालेल असं डोक्यात असेल तर ते आत्ताच काढून टाका. आपल्याकडे मित्राचा फोन येतो तेव्हा तो "आज बसायचं का" असं विचारतो, त्यात दारूचा शब्दसुद्धा नसतो, आणि हे व्हिडिओ अगदी तसेच आहेत. बघणारा माणूस रात्री एकटा जेवत असतो, ताटासमोर मोबाईल पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा केलेला असतो, आणि तो तुमच्यात येऊन बसलेला असतो. आम्हाला जे मेसेज यायचे त्यात सगळ्यात जास्त वेळा हेच असायचं की नोकरीसाठी बाहेर आलोय, आमचा ग्रुप पांगला, तुमचं ऐकत जेवतो. कोण किती प्यायलं हे कोणी विचारल्याचं मला आठवत नाही.

या प्रकारातलं सगळ्यात गाजलेलं उदाहरण बघा म्हणजे मी काय म्हणतोय ते कळेल. मार्किप्लायर, म्हणजे मार्क फिशबाख, अमेरिकेतल्या ओहायोतला, सिनसिनाटीत बायोमेडिकल इंजिनियरिंग शिकत होता ते सोडून २०१२ मध्ये यूट्यूबवर गेम खेळायला लागला, आज त्याचे साडेतीन कोटींच्या वर सबस्क्रायबर आहेत. सुरुवातीच्या काळात त्याने बॉब आणि वेड या दोन मित्रांना घेऊन 'ड्रंक माइनक्राफ्ट' नावाची सिरीज केली, तिघं पिऊन माइनक्राफ्टमध्ये घर बांधायला जायचे आणि विषय कुठल्या कुठे जायचा. पुढे मार्कने दारू सोडली, त्याची आई कोरियन आहे आणि दारू पचवणारं एन्झाइम त्याच्या शरीरात नीट काम करत नाही, हे त्यानेच सांगितलंय. मग काय झालं, तिघांची गंमत संपली का, तर नाही. २०२१ पासून त्याच तिघांचा डिस्ट्रॅक्टिबल नावाचा पॉडकास्ट चालू आहे, एकजण होस्ट होतो, बाकी दोघांना मनाला येईल तसे पॉइंट देतो, जिंकेल तो पुढच्या भागाचा होस्ट. दारू गेली, बऱ्याचदा गेमसुद्धा नसतो, आणि ऐकणारे तेच आहेत. मला यातून जे शिकायला मिळालं ते दहा ट्यूटोरियल बघून मिळालं नाही.

मग दारूचं काम काय, तर तिच्यामुळे माणूस हळू होतो आणि चुकायची लाज जाते. एवढंच. गेम खेळून दाखवायचा हा सगळा प्रकार साधारण २००५ च्या पुढे समथिंग ऑफुल या साइटवर नावारूपाला आला, तेव्हा नुसते स्क्रीनशॉट आणि खाली लिहिलेली बडबड असायची, आणि तेव्हापासून लोकांना चांगला खेळणाऱ्यापेक्षा मस्त फसणारा माणूस जास्त आवडत आलाय.

आता आमच्याकडचा एक प्रसंग सांगतो. कीप टॉकिंग अँड नोबडी एक्सप्लोड्स नावाचा गेम आहे, २०१५ चा, एकाच्या स्क्रीनवर बॉम्ब असतो, तो फक्त त्यालाच दिसतो, आणि बाकीच्यांकडे तो निकामी कसा करायचा त्याचं २३ पानी मॅन्युअल असतं पण त्यांना बॉम्ब दिसत नाही. म्हणजे सगळं बोलून सांगायचं. त्यात एक भाग असा आहे की स्क्रीनवर एक इंग्रजी शब्द येतो, तो शब्द सांगितला की मॅन्युअलवाला सांगतो कुठलं बटण वाचायचं, आणि ते शब्द मुद्दाम छळायला निवडलेत, रेड आणि रीड आणि लीड, देअरचे तीन प्रकार, नुसतं सी आणि एस-ई-ई. बॉम्ब डब्लिनवाल्याकडे होता, आमच्याकडे रात्रीचे दहा, त्याच्याकडे संध्याकाळचे साडेपाच, खिडकीतून ऊन येतंय आणि हा तिसऱ्या बिअरवर. मॅन्युअल नाशिकवाल्याकडे, जो अजिबात पीत नाही.

"काय लिहिलंय?"

"नथिंग."

"काहीच नाही? कोरं आहे?"

"कोरं नाही रे, नथिंग लिहिलंय. एन ओ टी एच."

"बरं. दाबलंस? आता काय आलं?"

"आता काहीच नाही."

"परत नथिंग?"

"नाही, आता खरंच काही नाही."

"मग ब्लँक."

"ब्लँक लिहिलेलं नाही. ब्लँक आहे."

गेममध्ये हे तिन्ही वेगवेगळे आहेत, 'नथिंग' हा शब्द, 'ब्लँक' हा शब्द आणि खरोखरची कोरी स्क्रीन, आणि तिन्हींना मॅन्युअलमध्ये वेगळं उत्तर आहे. नाशिकवाला शांतपणे पानं उलटतोय, प्रत्येक चुकीला घड्याळ अजून जोरात पळतं, तीन चुका झाल्या की संपलं, आम्ही दोघं मधेच ओरडतोय, आणि बॉम्ब फुटला. त्यानंतर सात सेकंद कोणीच काही बोललं नाही. आणि मग नाशिकवाला अगदी हळू आवाजात म्हणाला, "हां, सापडलं."

ती सात सेकंदं मी पहिल्या कटमध्ये काढून टाकली होती, कारण सगळीकडे वाचलेलं की शांतता दिसली की कापा. बघितलं तर त्या वाक्याला हसूच येईना. परत जशीच्या तशी टाकली, आणि आमच्या सगळ्या व्हिडिओत लोक जी जागा परत परत लावून बघायचे ती हीच. एडिटिंगच्या टाइमलाइनवर चौघांच्या आवाजाचे चार ट्रॅक एकाखाली एक असतात, चारही रेषा सपाट, आणि मग फक्त तिसऱ्या ट्रॅकवर एक बारकी उचकी दिसते, ती "हां, सापडलं". तुमच्यात जो एडिट करणार असेल त्याला हे दाखवा. हशा पिकतो तो वाट बघण्यात, आणि ते शुद्धीत असलेल्या माणसाशिवाय होत नाही, म्हणून तुमच्या चौघांत एकजण न पिणारा असेल तर त्याला "तू बघत बस" म्हणून बाजूला बसवू नका, त्याच्या हातात सगळ्यात महत्त्वाचं काम द्या. तसा कोणी नसेल तर दर शनिवारी एकेकाने पाळी घ्या.

टेक्निकल फार लागत नाही. ओबीएस हे स्क्रीन आणि आवाज रेकॉर्ड करायचं सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यात सहा ऑडिओ ट्रॅक वेगळे ठेवता येतात, गेमचा आवाज एकावर, तुमचे माइक वेगवेगळ्यांवर. तुम्ही एका खोलीत बसणार म्हणजे एकाचा आवाज दुसऱ्याच्या माइकमध्ये जाणार, त्यामुळे माइक तोंडाजवळचा घ्या आणि स्पीकर बंद, सगळ्यांना हेडफोन. चौघांनी वेगवेगळं रेकॉर्ड करत असाल तर सुरुवातीला एक, दोन, तीन म्हणून एकदम टाळी वाजवा, नंतर ट्रॅक जुळवताना त्या टाळीचं टोक बरोबर दिसतं. चकणा कुरकुरीत नको, वेफर्स माइकमध्ये फार वाईट ऐकू येतात, आम्ही उकडलेल्या शेंगांवर आलो होतो. तीन तासांचं रेकॉर्डिंग असेल तर पंधरा-वीस मिनिटांच्या वर व्हिडिओ ठेवू नका.

आता दारूबद्दल, आणि हे प्लीज नीट वाचा. आपल्याकडच्या व्हिस्की-रमच्या बाटलीवर ४२.८ टक्के लिहिलेलं असतं, म्हणजे ३० मिलीच्या छोट्या पेगमध्ये साधारण १० ग्रॅम अल्कोहोल, आणि तेवढं संपवायला लिव्हरला साधारण तासभर लागतो. प्यायल्यावर रक्तातलं प्रमाण पूर्ण वर जायला अर्ध्या तासापासून दीड तासापर्यंत कितीही वेळ लागतो, म्हणून "चढली नाही अजून" म्हणत घेतलेले दोन पेग नंतर एकदम गाठतात. एरवी बसताना माणूस गप्पांच्या नादात सावकाश पितो, कॅमेरा लागला की बघणाऱ्यांसाठी पितो, हा फरक फार मोठा आहे. २०२१ मध्ये आमच्या पुण्यातल्या दुसऱ्या मित्राने एका तासात किती घेतली ते आम्हाला कळलंच नाही, एका क्षणी त्याचं उत्तर येणं बंद झालं, माइक चालू, मागे फक्त पंख्याचा आवाज. आम्ही सुरुवातीला हसलो, हे मला आजही बोचतं. फोन उचलेना, मग त्याच्या घरमालकांना उठवलं, मीपण प्यायलेलो म्हणून गाडी काढली नाही, रात्री एक वाजता रिक्षा शोधत निघालो. तो पाठीवर आडवा झाला होता आणि उलटी झालेली, घरमालक काकांनी त्याला कुशीवर वळवलं होतं, म्हणून बचावला असं डॉक्टर म्हणाले. ते रेकॉर्डिंग मी उघडलंसुद्धा नाही, डिलीट केलं.

त्यानंतर आमचं ठरलं की आधी जेवण, प्रत्येक ग्लासामागे एक ग्लास पाणी, रेकॉर्डिंगच्या आधी किती घ्यायची ते सांगून टाकायचं, "एक शॉट मार ना" असल्या फर्माइशी कोणाच्याच ऐकायच्या नाहीत, आणि शेवटी सगळे झोपायला गेल्याचा फोन झाल्याशिवाय कोणी कॉल सोडायचा नाही. तुम्ही एकाच फ्लॅटवर आहात, तुम्हाला हे सोपं आहे. कोणी आडवा झाला तर कुशीवर झोपवा, एकटा सोडू नका, उठवून उठत नसेल किंवा श्वास विचित्र वाटला तर १०८ ला फोन करा, सकाळची वाट बघू नका.

वयाचंही बघा. महाराष्ट्रात हार्ड दारूला २५ वर्षं पूर्ण लागतात, सौम्य बिअर आणि वाइनला २१, आणि १९४९ च्या दारूबंदी कायद्याप्रमाणे प्यायला परवाना लागतो, तो एक दिवसाचा, वर्षाचा किंवा आयुष्यभराचा मिळतो. गोव्यात १८ आहे म्हणून तिकडची सवय इथे चालत नाही. तुम्ही २२-२३ चे, म्हणजे व्हिस्कीची बाटली कॅमेऱ्यासमोर ठेवून तुम्ही स्वतःच पुरावा तयार करताय. सौम्य बिअरवर राहा, बाटलीचं लेबल दिसू देऊ नका, दारूच्या ब्रँडने पैसे देऊ केले तरी घेऊ नका, आपल्याकडे दारूची थेट जाहिरात चालत नाही. ट्विच या लाइव्ह व्हिडिओच्या साइटवर लाइव्ह जाणार असाल तर नशेच्या कंटेंटला वेगळं लेबल लावावं लागतं आणि जीवावर बेतेल असं पिणं तिथे नियमातच बसत नाही. माझं मत विचाराल तर लाइव्ह जाऊच नका.

कारण लाइव्हमध्ये दुसरा दिवस नसतो, आणि या सगळ्यात मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो दुसरा दिवसच. रविवारी दुपारी जेवणं झाली की आम्ही चौघं कॉलवर यायचो आणि पूर्ण कट एकत्र बघायचो, आणि ज्याला जे नको ते निघायचं, कारण विचारायचं नाही. प्यायल्यावर माणूस ऑफिसबद्दल बोलतो, घरचं बोलतो, जिचं लग्न झालंय तिचं नाव घेतो. एकदा आमच्यातला एकजण वडिलांच्या आजारपणाबद्दल पाच मिनिटं बोलला, गेम बाजूलाच राहिला, आणि खरं सांगतो ती आमच्या सगळ्या रेकॉर्डिंगमधली सगळ्यात सुंदर पाच मिनिटं आहेत. रविवारी तो नुसता "हे राहू दे आपल्यात" म्हणाला. निघालं. ती फाइल मी त्याला वेगळी पाठवली, वडील गेल्यावर त्याने ती परत मागून घेतली कारण फोन बदलताना हरवली होती.

गेम निवडताना असा घ्या की ज्यात हात चुकले तरी मजा येते. ह्यूमन फॉल फ्लॅट, गँग बीस्ट्स, ओव्हरकुक्ड हे तिन्ही चौघांत छान चालतात. मारियो कार्ट हा गाड्यांच्या रेसचा गेम असेल तर अमेरिकेत एक पद्धत आहे बिअरिओ कार्ट म्हणून, रेस संपायच्या आत आपला कॅन संपवायचा पण गाडी चालू असताना प्यायचं नाही, थांबून प्यायचं, मग पुढे. आम्ही ते सरबतावर खेळायचो, घाईघाईत बिअर ओतणं मला पटत नाही, आणि ग्लास घेऊन कडेला थांबलेला माणूस आणि बाजूने सुसाट गेलेले तिघं हे सरबतावरही तेवढंच हसवतं.

कथा असलेले मोठे गेम नका घेऊ, दोन पेगनंतर कोणालाच आधीचं आठवत नाही आणि बघणाराही वैतागतो.

पहिली दोन-तीन सेशन फक्त रेकॉर्ड करा, अपलोड करू नका, त्यातलं एक पूर्ण न पिता करा आणि दोन्ही शेजारी ठेवून ऐका. बॉम्बवाल्या गेमपासून सुरुवात केलीत तर तो एकानेच विकत घेतला तरी चालतो, मॅन्युअल वेबसाइटवर फुकट आहे, तीन प्रिंट काढा, पानांना पंच मारून दोऱ्याने बांधा, माइकवर पान उलटल्याचा आवाज फार छान येतो.