अश्वत्थामा नावाचा पिंपळाशी संबंध आहे का?

नाही. पिंपळाला अश्वत्थ म्हणतात म्हणून तसं वाटतं, पण खरं कारण महाभारताच्या आदिपर्वातच दिलंय, द्रोण आणि कृपीचं हे बाळ जन्मल्या जन्मल्या उच्चैःश्रवा घोड्यासारखं खिंकाळलं आणि तो आवाज सगळ्या दिशांना घुमला, म्हणून आकाशवाणीने हे नाव ठेवलं. भीमाने मारलेल्या हत्तीचं नाव पण हेच, तो वेगळा.

आमच्या नंदुरबार जिल्ह्यात धडगाव तालुक्यातला अस्तंबा डोंगर या द्रोणपुत्र अश्वत्थाम्याच्याच नावाने ओळखतात, डोक्यावरचा मणी गेल्याच्या जखमेसाठी तो अजून सातपुड्यात तेल मागत फिरतो अशी इकडे पक्की श्रद्धा आहे, आणि दिवाळीत धनत्रयोदशीच्या सुमारास यात्रा भरते, आदिवासी भाविक तर गुजरात, मध्य प्रदेशातूनही येतात, जमलं तर नक्की जा, चढण मात्र अवघड आहे.