घोड्यांच्या उवा: ओळख, उपचार आणि गोठ्यातल्या बाटलीचा धोका

थंडी पडली की घोड्यांच्या खाजेचे प्रश्न येऊ लागतात. या वेळी आलेल्यांपैकी चार प्रश्नांना इथे उत्तरे देत आहे. पहिले लांबले आहे, कारण त्यातली एक गोष्ट थेट घोड्याच्या जिवाशी निगडित आहे.

प्रश्न १ (शहादा तालुका, जि. नंदुरबार): आमची घोडी महिनाभर मान खांबाला घासते आहे. आयाळीचे केस तुटले, मानेवर चट्टे पडले, केसांत पांढरे ठिपके दिसतात. गायी-म्हशींच्या गोचिडांसाठी आणलेले औषध घरात शिल्लक आहे, ते फवारले तर चालेल का? दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या बाजारात न्यायची आहे.

उत्तर: आधी ती बाटली बाजूला ठेवा आणि तिच्यावरचे घटकाचे नाव वाचा. अमिट्राझ लिहिलेले असेल तर ते औषध घोडीच्या अंगाला लागता कामा नये. गायी-म्हशींच्या गोचिडांवर ते सर्रास वापरतात आणि तिथे ते चांगले चालते. घोड्यात मात्र ते आतड्यांची हालचाल मंदावते. लीद बंद होते, मोठ्या आतड्यात चारा घट्ट बसतो आणि पुढच्या एक-दोन दिवसांत पोटशूळ उठतो. जनावर सुस्त होते, पाय अडखळतात, ते पुढच्या पायाने माती उकरते, वळून कुशीकडे पाहते, लोळते. घोड्याला उलटी होत नाही, हेही ध्यानात असू द्या. उवांनी घोडा सहसा मरत नाही, या औषधाने मरू शकतो. कोणी आधीच फवारले असेल तर साबण लावून भरपूर पाण्याने अंग धुवा आणि लक्षणांची वाट न पाहता डॉक्टरांना बोलवा.

कापसावर मारायचे सायपरमेथ्रिनही नको. जनावरांच्या औषधावरही नाव तेच असले तरी शेतीच्या औषधाची तीव्रता आणि त्यातले द्रावक वेगळे असतात, कातडी भाजते.

आता त्या उवाच आहेत का, हे पाहू. सकाळच्या कोवळ्या उन्हात घोडी उभी करा, आयाळ मुळाशी बोटांनी फाकवा आणि अर्धा मिनिट नजर हलवू नका. कोंड्यासारखे दिसणारे काही कण चालू लागतील. घोड्यावर दोन जातींच्या उवा असतात. एक चावणारी: पिवळसर तपकिरी, दीड-दोन मिलिमीटरची, डोके रुंद. ती कातडीचा कोंडा खाते, मानेच्या बाजूंवर, कुशीवर आणि शेपटीच्या बुडाशी जास्त सापडते. दुसरी रक्त पिणारी: करडी, तीन मिलिमीटरच्या पुढची, डोके निमुळते. ती आयाळीच्या मुळाशी, शेपटीत आणि खुरांच्या वरच्या लांब केसांत बसते. दिसत नसतील तर माणसांच्या उवांची बारीक फणी आयाळीतून मुळापासून ओढा आणि पांढऱ्या फडक्यावर झटका. कोणती जात आहे हे डॉक्टरांना सांगता आले तर औषध निवडायला मदत होते, कसे ते पुढे येईल.

लिखा पांढुरक्या असतात आणि कातडीजवळ केसाला घट्ट चिकटतात. कोंडा फुंकरीने उडतो, लीख नखानेही सहज निघत नाही. पुढच्या पायांच्या केसांवर, गुडघ्याच्या आतल्या अंगाला बारीक पिवळी अंडी दिसली तर त्या लिखा नव्हेत, ती एका माशीची अंडी आहेत. घोडा ती चाटतो आणि अळ्या जठरात जाऊन बसतात. त्यावर जंताचे वेगळे औषध आहे.

खाज फक्त शेपटीच्या बुडाशी असेल आणि गुदद्वाराभोवती पिवळट लेप दिसत असेल तर जंत समजा. पावसाळ्यापासून आयाळ आणि शेपटी खाजत असेल तर बारीक चिलटांची अ‍ॅलर्जी असू शकते. कातडी जाड होऊन खपल्या धरत असतील तर खरजेचा संशय घ्या. ती माणसालाही लागू शकते, म्हणून डॉक्टरांकडून कातडी खरवडून तपासून घ्या. अंगावर फुटणाऱ्या गाठी आणि नाकातून घट्ट स्राव दिसला तर मात्र हात लावू नका, तो ग्लँडर्स हा घोड्यांचा संसर्गजन्य, माणसालाही होणारा रोग असू शकतो. जनावर वेगळे बांधून लगेच सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा. १९६२ या नि:शुल्क क्रमांकावरही पशुवैद्यकीय मदत मिळते.

उपचार सांगतो. परमेथ्रिन किंवा सायपरमेथ्रिन गटातले, जनावरांसाठी बनवलेले आणि तुमच्या डॉक्टरांनी घोडीसाठी लिहून दिलेले औषधच घ्या, मात्राही त्यांनी सांगितलेलीच ठेवा. उन्हाच्या वेळी, वारा नसताना, केसांच्या उलट दिशेने फवारा. आयाळीचे मूळ, शेपटीचे बूड, कान, मांड्यांच्या आतली बाजू आणि खुरांवरचे केस नीट भिजले पाहिजेत. चेहऱ्याला स्पंजाने लावा, डोळे वाचवा. हातमोजे घाला. तबेल्यात मांजर असेल तर दूर ठेवा, परमेथ्रिन मांजरांना घातक असते. उरलेले पाणी तापीत, नाल्यात किंवा शेततळ्यात ओतू नका आणि घोडीला लगेच तिथे धुवायला नेऊ नका, या गटातल्या औषधांनी मासे मरतात.

आयव्हरमेक्टिनची तोंडावाटे द्यायची पेस्ट रक्त पिणाऱ्या उवांवर चांगली चालते, कोंडा खाणाऱ्यांवर तिचा भरवसा नाही. मात्रा वजनाच्या किलोमागे ०.२ मिलिग्रॅम. वजन अंदाजपंचे धरू नका. कोपरामागून छातीचा घेर आणि खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंतची लांबी सेंटिमीटरमध्ये मोजा. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, त्याला ११,८८० ने भागा. घेर १५० आणि लांबी १४० भरली तर वजन साधारण २६५ किलो. गायीचे आयव्हरमेक्टिन इंजेक्शन घोडीला टोचू नका, टोचल्या जागी सूज आणि गंभीर जंतुसंसर्ग होऊ शकतो.

सगळे बिघडते ते पुढच्या टप्प्यावर. औषधाने उवा मरतात, लिखा मरत नाहीत. आठवड्याभरात खाज कमी होते, आपण निर्धास्त होतो आणि महिन्याने पुन्हा तेच. लीख फुटायला जातीप्रमाणे एक ते तीन आठवडे लागतात. म्हणून १४ व्या दिवशी औषधाचा दुसरा हात द्यायचाच, खाज थांबली असली तरी. आणि तबेल्यातल्या सगळ्या घोड्यांना एकाच दिवशी, जे खाजवत नाहीत त्यांनासुद्धा. एक शिंगरू सुटले तरी त्याच्यावरून पुन्हा सगळ्यांवर पसरतात.

आयाळ आणि मानेचे लांब केस कातरले तर औषध मुळापर्यंत पोचते. बाजारात घोडी आयाळीवरून जोखतात, त्यामुळे हे तुमच्या जिवावर येईल, पण तुटक्या, विरळ आयाळीने जेवढा भाव पडेल तेवढा कातरलेल्याने पडणार नाही. बाजाराच्या तारखेपासून मागे मोजा आणि दोन्ही हात त्याआधी पूर्ण होतील अशी सुरुवात करा. बाजारात स्वतःचा खरारा (अंग घासायचा ब्रश), झूल आणि लगाम वापरा, शेजाऱ्याला देऊ नका. तिथून नवे जनावर आणलेत तर तीन आठवडे वेगळे बांधा.

एवढ्या उवा झाल्या म्हणजे घोडीत आधीच काही बिघाड आहे का, तेही पाहावे लागेल. जंत, दातांच्या धारदार कडा, अपुरी चंदी (दाणा), पायांची सूज, अधूनमधून ताप. हिरड्या आणि पापणीची आतली बाजू फिकी असेल तर रक्त तपासून घ्या. अशक्तपणा सर्रा या रक्तातल्या परजीवीच्या रोगानेही येतो आणि त्याचे खापर उवांवर फुटते.

प्रश्न २ (बारामती परिसर, मेंढपाळ): मेंढ्यांच्या उवा घोड्याला लागतात का? मेंढ्या बुडवलेल्या औषधाचे उरलेले पाणी घोड्यावर ओतू का? मुलांना भीती आहे का?

उत्तर: मेंढीची ऊ घोड्यावर टिकत नाही, घोड्याची माणसावर टिकत नाही. गाढव, खेचर आणि घोडा मात्र एकमेकांना देतात, तेव्हा वाड्यात गाढव असेल तर त्यालाही सोबतच औषध द्या. डिपिंगचे उरलेले पाणी नको. मळलेल्या पाण्यात औषध किती उरले आहे ते कळत नाही आणि त्यात अमिट्राझ असेल तर वर सांगितलेला धोका आहेच. कोंबड्यांवर संशय असेल तर सांगतो, त्यांच्या उवा घोड्यावर राहत नाहीत. पण खुराड्यातले लाल माइट (रक्त पिणारे बारीक किडे) रात्री बाहेर पडून घोड्याला चावू शकतात. घोडा रात्रीच बेचैन होत असेल तर खुराडे तबेल्यापासून लांब हलवा.

प्रश्न ३ (माथेरान, घोडेवाले): आमची खोगिरे एका घोड्यावरून दुसऱ्यावर जातात. ती टाकून द्यायची का?

उत्तर: नाही. उवा घोड्याच्या अंगाबाहेर फार जगत नाहीत, रक्त पिणाऱ्या तर दोन-तीन दिवसांतच मरतात. खोगिराखालची घोंगडी आणि झूल गरम पाण्यात धुवा आणि कडक उन्हात वाळवा. धुता न येणारे खोगीर प्लॅस्टिकमध्ये बांधून दोन आठवडे बाजूला ठेवा, तंग आणि लगाम पुसून घ्या. खरारा मात्र प्रत्येक घोड्याचा वेगळा ठेवा. सीताफळाच्या बियांची पूड लावतो, असे तुमच्यातल्या एकाने लिहिले आहे. कृपा करून थांबवा. ती डोळ्यात गेली तर बुबुळाला जखम होते, घोड्याच्या आणि लावणाऱ्याच्याही. तंबाखूचे पाणी विषारी आहे, रॉकेलने कातडी सोलते. कडुनिंबाच्या तेलाने थोडा आराम पडतो, पण एवढ्या उवा त्याने जात नाहीत.

प्रश्न ४: दोन्ही वेळा फवारले, तरी आयाळीत लिखा दिसतातच. औषध भेसळीचे होते का?

उत्तर: लगेच दुकानदाराशी भांडू नका. लीख फुटून गेली तरी तिचे रिकामे टरफल केसाला चिकटून राहते आणि केस वाढतो तसे कातडीपासून दूर सरकते. फणी मारून फडक्यावर चालणारी ऊ दिसते का, एवढेच पाहा. नसेल तर औषध लागू पडले आहे, टरफले खराऱ्याने हळूहळू निघतील. जिवंत उवा किंवा अगदी कातडीला लागून नव्या लिखा दिसल्या तर आणखी १४ दिवसांनी तिसरा हात लागेल. तो देण्याआधी डॉक्टरांना वापरलेल्या औषधाची बाटली दाखवा म्हणजे ते दुसऱ्या गटातले औषध लिहून देतील. मात्रा वाढवून तेच पुन्हा मारू नका.