२००३ चा रग्बी विश्वचषक जिंकून दिल्यावर जॉनी विल्किन्सन इंग्लंडच्या संघातून गायब का झाला?

दुखापती. सिडनीच्या अंतिम सामन्यात जादा वेळ संपायला जेमतेम अर्धं मिनिट असताना त्याने उजव्या, म्हणजे कमजोर पायाने ड्रॉप गोल (चेंडू जमिनीवर टाकून, तो उसळताच गोलखांबांमधून मारलेली किक) मारला आणि इंग्लंड २०-१७ ने जिंकलं. त्यानंतर इंग्लंडकडून पुढचा सामना थेट फेब्रुवारी २००७ मध्ये! मधल्या काळात मानेची शस्त्रक्रिया, गुडघ्याचे लिगामेंट, मूत्रपिंडाची इजा. दहा नंबरचा खेळाडू, म्हणजे संघाची चाल ठरवणारा, सहसा टॅकल (चेंडू घेऊन पळणाऱ्याला धरून पाडणं) जपून करतो; हा मात्र फॉरवर्डसारखा, म्हणजे पुढच्या फळीतल्या धिप्पाड खेळाडूंसारखा अंगावर जायचा. परतल्यावर स्कॉटलंडविरुद्ध २७ गुण केले. इंग्लंडसाठी एकूण ९१ सामने, १,१७९ गुण. पण क्लब पातळीवरचं खरं वैभव पुढे तूलाँ या फ्रेंच क्लबमध्ये: २०१३ आणि २०१४ चे हायनेकेन कप, म्हणजे युरोपातल्या क्लबांची अव्वल स्पर्धा.